बर्फातल्या सुया

गावपळणीचा मंगळवार ठरला तेव्हा सत्यवान देवळातच उभा होता. गावच्या मानकऱ्यांतला तो एक. पाषाणाला लावलेली कळी उजवीकडून पडली, देवाचा कौल झाला, सगळ्यांनी हात जोडले, आणि सत्यवानाने जोडलेल्या हातांच्या आतच बोटांवर दिवस मोजले. सुगंधाचा चौथा डोस त्याआधीच्या गुरुवारी होता. डोसानंतर पाच-सहा दिवसांनी तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरायला लागत आणि आठवडाभर तळाला राहत. नेमक्या त्याच दिवसांत घर सोडून माळावर राहायचं होतं. बोलायची वेळ तीच होती. तो बोलला नाही. बाकीच्यांबरोबर प्रसाद घेऊन घरी आला.

आमच्याकडे चार वर्षांनी एकदा गाव पळतो. तीन दिवस, तीन रात्री माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी वेशीबाहेर. गाव देवाला मोकळा करून द्यायचा. मुंबईची माणसं मुद्दाम रजा काढून येतात, सड्यावर, वेशीबाहेरच्या उघड्या माळावर, झावळ्यांच्या खोपी उभ्या राहतात, पंगती उठतात, आणि एरवी कुंपणावरून कोर्टात गेलेले भाऊ शेजारी शेजारी चुली मांडतात. वाईट काही नाही त्यात. फक्त आजारी माणसाची सोय त्यात कोणी धरलेली नाही, कारण ही रीत पडली तेव्हा इतकं आजारी माणूस इतके दिवस जगत नसे.

सुगंधाला रक्ताचा कॅन्सर निघाला तो श्रावणात. मानेला सुपारीएवढ्या गाठी आल्या, रोज ताप यायला लागला, आणि गोव्याच्या हॉस्पिटलात तपासण्या होऊन सहा डोस ठरले. तीन झाल्यावर गाठी गेल्या. सहाही पुरे झाले तर बरी होईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्या एका वाक्यावर दोघं नवराबायको उभी होती.

पण ते सहा डोस पचवायचे कसे, हे कोणी सांगितलं नव्हतं. लाल औषध शिरेतून गेलं की पहिल्या दिवशी लघवी लाल व्हायची. पहिल्या खेपेला सुगंधा रक्त समजून न्हाणीत खालीच बसली. पंधरा दिवसांत केस उशीला चिकटून यायला लागले, तेव्हा तिने सत्यवानालाच कात्री धरायला लावली. मग तोंड आलं. मालवणात जन्मलेल्या बाईला सोलकढीचा घोट विस्तवासारखा झोंबायला लागला. पेजेला लोखंडाची चव यायची. बोटांना अशी बधिरता आली की पोलक्याचे हूक लागेनात, आणि आदाळ्यावर नारळ खोवताना बोट कापलं तरी तिला रक्त बघितल्यावरच कळलं. तिसऱ्या डोसानंतर नखंही काळी पडली.

आणि वास. सत्यवान तीस वर्षं बंदरावर मासळी भरायच्या कामाला. होडीवरून आलेली सुरमई, सरंगा बर्फात रचून पेट्या बांधायच्या, हे त्याचं काम. त्याच्या अंगाला तो वास जन्माचा. इतकी वर्षं तिला तो कळलाही नव्हता, आता तो पायरीवर आला की तिला उमासे यायचे. घरात मासळी बंद झाली. तो विहिरीवर लिंबू चोळून आंघोळ करायचा आणि पडवीत झोपायचा. गोव्याला डोसाच्या खोलीत पहिल्याच दिवशी एका नर्सने नाकाला रुमाल लावून त्याला बाहेर थांबायला सांगितलं होतं. तिचंही चूक नव्हतं, आत दहाजणांना औषध चाललं होतं. पण तेव्हापासून तो त्या दारात कधी नीट उभा राहिला नाही. फाइल उलटी धरायचा, चुकीच्या रांगेत ताटकळायचा, आणि डॉक्टरीणबाई त्याला सोडून मुंबईला अनुजाला, त्यांच्या लेकीला, फोनवर सगळं समजावून सांगायच्या. अनुजा मग त्याला फोनवर दटावायची. तीस वर्षांत बंदरावर त्याला कोणी ‘असं नाही, तसं कर’ म्हटलं नव्हतं. या चार महिन्यांत ज्याला त्याला तो अधिकार मिळाला.

गावपळण ठरल्यावर तो गंगारामाकडे गेला. गंगाराम मानकऱ्यांत वडीलधारा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आजारी बाईला माळावर आणा असं काही म्हटलं नाही.

“तिका खंयय भायर ठेय रे,” तो म्हणाला. “भावाकडे ठेय, लॉजात ठेय. पण तू मानकरी. तुज्या घराक कुलूप लागला नाय, तर गाव काय म्हणतलो?”

सुगंधाचा भाऊ वालावलला राहायचा. सुगंधाने स्वतः फोन केला. भावाने आधी ‘ये गो, घर तुजाच’ म्हटलं, आणि तासाभराने भावजयीचा फोन आला. सून बाळंत होऊन महिना झालाय, बाळ लहान आहे, आणि ते औषध म्हणे घामातून बाहेर पडतं, मोबाइलवर आलं होतं. तुम्हांला नको म्हणत नाही, पण बाळाचं बघायला हवं. सुगंधा ‘होय होय, बरोबर आसा’ म्हणाली आणि फोन ठेवून डोक्याचा स्कार्फ सोडून पुन्हा बांधत बसली. तारकर्लीत ओळखीच्या एकाचं लॉज होतं. त्याने डिसेंबरचे पर्यटक असल्याचं सांगितलं, ते खरंही होतं. अनुजाकडे मुंबईला नेण्याचं तर नावच नको, पेशी उतरलेल्या बाईला बारा तासांच्या बसमध्ये कोण घालणार?

राहिला माळ. सत्यवानाने सगळ्यांपासून शंभर पावलं दूर, काजूच्या सावलीत खोप घातली. खाली ताडपत्री, वर झावळ्या, बाजूने धुतलेल्या साड्या. अनुजाने सांगितलेलं एकूण एक केलं. उकळलेलं पाणी, मास्क, हात धुवायला साबण, कोणी आत यायचं नाही. खोप बघून बाकीचे म्हणाले, सत्याने राजवाडा बांधला.

राहता राहिल्या सुया. डोस झाला की पाचव्या दिवसापासून रोज एक, अशा पाच सुया पोटावर घ्यायच्या. पांढऱ्या पेशी वाढाव्यात म्हणून. त्या फ्रिजात ठेवायच्या. पहिली सोमवारी घरीच झाली, शेजारच्या गावची नर्स दीपिका येऊन टोचून गेली. उरलेल्या चार गावपळणीच्या दिवसांत घ्यायच्या होत्या.

“काका, त्यो माज्या फ्रिजात ठेवा,” दीपिका म्हणाली. तिचं घर वेशीपलीकडे, सड्यापासून दहा मिनिटांवर. “रोज येताना मीच हाडीन.”

“गो, तीस वर्सां बर्फात हात घातलंय,” सत्यवान म्हणाला. “बर्फाचा तरी माका शिकव नको.”

ती हसली आणि गेली. तिच्या बोलण्यात तसं काही नव्हतं. पण सत्यवानाला ती नाकाला रुमाल लावलेली नर्स आठवली, अनुजाचं दटावणं आठवलं, आणि निदान ही एक गोष्ट आपल्याला कोणी सांगू नये असं वाटलं. तेवढी एकच तर उरली होती.

मंगळवारी सकाळी त्याने बंदरावरून फोडलेला बर्फ आणला आणि मासळीची थर्माकोलची नवी कोरी पेटी काढली. खाली बर्फाचा थर, त्यावर मूठभर मीठ, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या चार सुया, वर पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. मीठ टाकलं की बर्फाची थंडी कडक होते, सरंगा दगडासारखा राहतो. हे त्याला बापाने शिकवलं होतं. झाकण लावून त्याने चिकटपट्टी अशी बांधली की मुंगी आत जाऊ नये. गेल्या कित्येक दिवसांत इतकं नीट काम त्याच्या हातून झालं नव्हतं.

निघताना सुगंधाला टेम्पोत उचलून बसवावं लागलं. सोमवारच्या सुईने आपला गुण दाखवला होता. कंबरेत, मांड्यांच्या हाडांत आतून कोणी पहार घातल्यासारखं दुखत होतं. दर डोसाला ते व्हायचं. हाडांच्या आत पेशी तयार होताना दुखतं, असं अनुजाने समजावलं होतं. ते कळूनही दुखायचं तेवढंच. टेम्पो दगडावरून गेला की ती ओठ दाताखाली धरायची, आणि ओठावर तर आधीच फोड. सत्यवानाने दाराला कुलूप लावलं. पुढे गुरं, मागे माणसं, कोणाच्या टोपलीत कोंबड्या. दुपारपर्यंत गाव रिकामा झाला.

चार वाजता दीपिका येणार होती. सुई टोचायच्या अर्धा तास आधी थंडीतून काढून ठेवायची, म्हणून साडेतीनला त्याने काजूखाली जाऊन पेटी उघडली. बर्फात हात घातला आणि पुडकं बाहेर काढलं. सुईच्या काचेत औषध नव्हतं. पांढरी कांडी होती. त्याने उलटी केली, ती हलली नाही. दुसरी बघितली. तिसरी बघितली. चारही.

केमिस्टाने सांगितलं होतं, थंड ठेवा पण गोठवू नका. सत्यवानाने ते ऐकलं होतं. ऐकून ‘होय’ही म्हटलं होतं. मीठ टाकताना ते डोक्यात आलंच नाही, कारण मीठ टाकायला डोकं लागत नाही, ते हातच करतात. तो उकिडवा बसून त्या कांडीकडे बघत राहिला. मग त्याने ती मुठीत धरली आणि मूठ काखेत धरली.

दहा मिनिटांत औषध पाण्यासारखं मोकळं झालं. स्वच्छ, जसं होतं तसं. बर्फात गोठलेली सुरमई वितळली तरी सुरमईच असते, बाजारात तीच जाते, गिऱ्हाइकाला कळतही नाही. त्याने स्वतःला हेच सांगितलं. आणि सांगताना हेही त्याला ठाऊक होतं की त्या सुरमईला चव नसते आणि आपण ती कधी घरी आणली नाही.

कुडाळच्या केमिस्टाला त्याने फोन केला. असलं औषध गोव्याहून मागवावं लागतं, गुरुवारी संध्याकाळी येईल, आणि डॉक्टरांची नवी चिठ्ठी लागेल. चिठ्ठी म्हणजे डॉक्टरीणबाई, म्हणजे अनुजा, म्हणजे दीपिका, आणि सगळ्यांच्या शेवटी सुगंधा. सत्यवान म्हणाला, राहू दे, नंतर करतो.

दीपिका आली. सुई ठीक राहिली ना, तिने विचारलं.

“बर्फातच होती,” तो म्हणाला. ते खोटं नव्हतं. म्हणूनच ते त्याच्या तोंडून इतक्या सहज आलं. तिने सुगंधाच्या पोटाची चिमूट धरली आणि टोचली.

बुधवारी सकाळी सुगंधा स्वतःच्या पायांनी खोपीबाहेर आली. कंबरेला हात लावून बघितला, दोनचार पावलं टाकली.

“आज दुकाक नाय ओ,” ती म्हणाली. “काल सुई घेतलंय, तरी हाडां दुकाक नाय.”

सत्यवान चुलीत फुंकत होता. तो फुंकतच राहिला. धुराने डोळ्यांत पाणी आलं ते बरंच झालं.

मथुरा, शेजारघरची, लांबूनच विचारपूस करायला आली होती. तिला हे ऐकून काय आनंद झाला. “देवाच्या सीमेर येवन रवलंस, म्हणान,” ती म्हणाली. “देव बघता गो सगळ्यांकडे.” मथुराने ते जाऊन पाचजणींना सांगितलं, आणि दुपारपर्यंत माळभर झालं की सुगंधाला गुण आला. सुगंधानेही ते धरलं. चार महिने दवाखान्याच्या खुर्च्या, उलटीचं तसराळं आणि टक्कल एवढंच बघितलेल्या बाईने ते का धरू नये? त्या दिवशी ती पंगतीच्या कडेला जाऊन बसली. बायका तांदूळ निवडत होत्या. तिच्या बोटांना दाणे सापडत नव्हते, तरी तिने सूप मांडीवर घेतलं. हसताना मास्क हनुवटीवर आला आणि तिथेच राहिला. कोणाचं नाक वाहत होतं, कोणी शेळी बांधून त्याच हाताने पाणी दिलं. तिने ते पाणी घेतलं.

सत्यवान दहा हातांवर उभा होता. तिला हाक मारून खोपीत न्यायला हवं होतं. पण कशाला, असं तिने विचारलं असतं. सुया चालू आहेत, दुखणं थांबलंय, मग भीती कसली? याचं उत्तर एकच होतं आणि ते त्याच्याकडे होतं. त्याला ती हसताना दिसली. श्रावणापासून ती अशी हसली नव्हती. तिच्यावरच्या मायेने आपण गप्प आहोत असं त्याला वाटलं. थोडी माया होतीही. बाकीची निव्वळ लाज होती, आणि त्या दोन्हींतली कुठली किती, हे त्याने नीट बघितलं नाही.

बुधवारी चारला दुसरी कांडी त्याने काखेत वितळवली. गुरुवारी तिसरी. गुरुवारी तर सुगंधानेच विचारलं, देवाला नारळ ठेवूया का, आणि तो म्हणाला, ठेवूया. शुक्रवारी सकाळी पुन्हा कळी लावली, देवाने परतीचा कौल दिला. मानकरी म्हणून सत्यवान पुढे उभा होता. गाव वाजतगाजत आत गेला. चौथी सुई दीपिकाने घरी येऊन टोचली. बर्फ चांगला सांभाळलात काका, असं म्हणून गेली.

शनिवारी दुपारी सुगंधाला हुडहुडी भरली. दोन गोधड्या घालूनही दात वाजत होते. ताप एकशे तीन. घरात थर्मामीटर बघणाराही तोच होता. त्याने आकडा दोनदा बघितला आणि गाडीसाठी फोन केला. ताप आला तर तासाभरात निघा, असं फाइलवर लिहून दिलेलं होतं. गोव्याला पोहोचेपर्यंत तिचे डोळे वर जायला लागले होते.

पाच दिवस ती वेगळ्या खोलीत होती. पांढऱ्या पेशी जवळपास संपल्या होत्या, आणि छातीत जंतू. दोन्ही हातांना सलाइन, नाकाला ऑक्सिजन. सत्यवान काचेबाहेर बसून राहायचा. चौथ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी त्याला गाउन, टोपी, मास्क घालून आत सोडलं. मास्कमुळे कोणाला त्याचा वास येत नव्हता, त्याला मात्र स्वतःचा येत होता.

डॉक्टरीणबाई, डॉ. तेजस्वी, फेरीला आल्या. बाई तरुण, बोलायला सरळ. त्यांनी कागद बघितले आणि पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहून सांगितलं. पेशी वाढायची पाचही इंजेक्शनं घेऊन ही अवस्था झाली, म्हणजे शरीराला एवढा डोस झेपत नाहीये. पाचवा आणि सहावा डोस बराच कमी करावा लागेल.

“कमी म्हणजे त्रास पण कमी?” सुगंधाने विचारलं. तिच्या सुकलेल्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

“त्रास कमी होईल,” डॉक्टर म्हणाल्या. “पण खोटं सांगत नाही, रोगावरही औषध तेवढंच कमी चालेल. गाठी परत येण्याचा धोका वाढतो. आमच्या हातात दुसरा उपाय नाही.”

“सुयो येळेर घेतलंय मॅडम,” सुगंधा म्हणाली. तिला वाटलं, डॉक्टरीण दोष देते आहे. “हेंनी तीन दिस बर्फ सांबाळल्यानी. जेवक बसले नाय, पण पेटी सोडूक नाय.”

सत्यवान भिंतीला टेकून होता. आता गप्प राहिलं तर कोणालाच कधी कळणार नव्हतं. सुगंधाला डोस कमी मिळाला असता, उलट्या कमी, तोंड कमी आलं असतं, आणि बर्फाचं त्याचं नाव कायम राहिलं असतं. गाठी पुढे केव्हातरी आल्या असत्या, तर ते देवाच्या माथी गेलं असतं. हे सगळं त्याला एका क्षणात दिसलं, आणि इतकं सोयीचं दिसलं की त्याला स्वतःची शिसारी आली.

“मॅडम,” तो कचेरीतल्या मराठीत म्हणाला, “इंजेक्शनं गोठली होती.”

“गोठली म्हणजे?”

“मी बर्फात मीठ टाकलं. मासळीला टाकतो तसं. कडक झाली होती. हातात धरून वितळवली आणि मग दिली.”

“किती?”

“चार.”

“गोठलेलं औषध फुकट जातं. तुम्हांला कळलं केव्हा?”

“पहिल्याच दिवशी.”

डॉक्टर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेन काढलं, कागदावर लिहिलेलं खोडलं आणि नवीन लिहिलं. मग त्यांनी सुगंधाला सांगितलं, की तुमच्या शरीराचा दोष नाही, पाचवा डोस पूर्वीएवढाच घेऊ. सगळं नीट होईल. आणि त्या पुढच्या खोलीकडे गेल्या.

सुगंधा छताकडे बघत पडून होती. तिने विचारलं, “मगे माळार तीन दिस माजी हाडां दुकाक नाय, तां?”

सत्यवानाला उत्तर द्यायचं नव्हतं. तिने मान वळवून बघितलं तेव्हा द्यावं लागलं. “सुयेत काय नव्हताच.”

“आणि मी नारळ ठेवलंय,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “माका वाटला, देवान एकदा तरी माज्याकडे बघितल्यान. तुमी बाजूक उबे होतास. बघी होतास.”

तो ‘चुकलं’ म्हणाला. दोनदा म्हणाला. 

तीन वाजता नर्स हॉस्पिटलच्या फ्रिजातली सुई घेऊन आली आणि सुगंधाच्या पोटावर टोचून गेली. पाचच्या सुमाराला सुगंधाची कंबर ताणली गेली, पाय आपसूक जवळ आले. हाडांत कळा सुरू झाल्या होत्या. तिने कण्हणं तोंडातच दाबलं आणि भिंतीकडे तोंड केलं. दर डोसाला अशा वेळी तो तिची कंबर दाबून द्यायचा. त्याने गाउनची बाही मागे सारली आणि पाठीवर हात ठेवला.

सुगंधाने काळ्या नखांच्या बधिर बोटांनी तो हात चाचपडत शोधला, उचलला आणि बाजूला ठेवला.

“दुकांदे,” ती म्हणाली. “ह्यां तरी खरां आसा.”